मधली

१

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाला मित्र ‘कवळीकर’ म्हणायला लागले, यात नवल काही नव्हतं. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता बिलांवर आणि कोर्टाच्या कागदांवर तेवढं उरलं होतं. त्याची लॅब म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतलं एक लांब टेबल. त्यावर गुलाबी मेण, बारीक कोरणी, प्लास्टरचं पोतं. आणि वर फळीवर ओळीने मांडलेले अनोळखी लोकांचे जबडे. पहिल्यांदा येणारा माणूस ते बघून दचकायचा. त्याची चार वर्षांची मुलगी, मुंगी, मात्र त्यांच्याशी गप्पा मारायची.

मुंगी पंधरा दिवस बाबाकडे असायची, पंधरा दिवस आईकडे. कोर्टानेच तसं ठरवून दिलं होतं. वेगळी झाल्यावर मुंगीची आई डोंगरांपलीकडच्या शहरात गेली होती. तिथल्या क्लबच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. दोन्ही शहरं बेताचीच. दोन्हीकडे एकेक धावपट्टी आणि बसस्टँडएवढा विमानतळ. रस्त्याने जायचं म्हणजे डोंगराला वळसे घालण्यात अख्खा दिवस जायचा, शिवाय मुंगीला गाडी लागायची. विमानाने पाऊण तास. नकाशावर बोटांनी मोजलं तर दोन शहरांच्या मध्ये धड वीतभरही जागा नव्हती.

दर दुसऱ्या शनिवारी सकाळी पंख्याचं ते छोटं विमान उडायचं. ज्याच्याकडे मुंगी असेल त्याने तिला पोचवायचं आणि त्याच विमानाने परत फिरायचं. मुंगी शेजारी असली की कवळीकरला हमखास झोप लागायची. चाकं वर गेल्याचा ठोका ऐकू आला की मान कलायची, ती पुन्हा चाकं टेकल्यावरच सरळ व्हायची. एकटा परत येताना त्याला कधी डुलकीही लागली नाही. पण अशा गोष्टीचा कोण हिशेब ठेवतो?

त्या शनिवारी काचेच्या दाराबाहेर मुंगीची आई उभी होती. केस ओले, गळ्यात शिट्टी, अंगाला क्लोरीनचा वास. तिने मुंगीला उचलून घेतलं, तिचे हात हातात धरले आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“हिची नखं बघितलीस?”

“कालच कापली.”

“काल? या नखांना काल कापलेली म्हणतोस?”

त्याने बघितलं. दहाही नखं बोटांच्या पुढे आली होती. काल संध्याकाळी अंगणातल्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून त्याने ती कापली होती, आणि गुदगुल्या झाल्यासारखी मुंगी खिदळत होती, हे त्याला स्पष्ट आठवत होतं. पण एकटा राहणारा माणूस कालची गोष्ट आणि पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट यांत गोंधळ घालू शकतो, असं त्याने स्वतःला समजावलं.

“विसरलो असेन,” तो म्हणाला.

“तेच तर,” ती म्हणाली.

२

पुढच्या खेपेला पोचवायची पाळी तिची होती. मुंगी धावत बाहेर आली ती डोळ्यांवर आलेले केस फुंकरीने उडवत.

“आंधळी कोशिंबीर खेळतेय का पोरगी? तिकडे कात्री मिळत नाही?” कवळीकरने हातातला डाव सोडला नाही.

“परवाच कापलेत. फोटो आहे माझ्याकडे.”

तिने तिथल्या तिथे फोन पुढे केला. फोटोत मुंगीचे केस भुवयांच्या वर, पट्टी लावून कापल्यासारखे होते. जुना फोटो असणार, त्याने ठरवून टाकलं. खोटं बोलून वर पुरावा दाखवायचा, ही तिची जुनी रीत.

मग बूट झाले. त्याने घेतलेले नवे बूट तिकडे पोचेपर्यंत चावायला लागले. मग पोहण्याचा पोशाख: तिने आदल्या महिन्यात घेतलेला, खांद्यावरून वर चढेना. निरोपांवर निरोप गेले. ‘मापं तरी नीट घेत जा.’ ‘तू आधी पोरीकडे बघत जा.’ दोघांना भांडायची इतकी सवय होती, की या भांडणात काही वेगळं आहे हे कळायला फार वेळ लागला.

बाकीच्यांना तर काहीच वावगं वाटत नव्हतं. “थोराड आहे पोर,” शेजारीण म्हणायची. “आजोबांची उंची घेतेय,” त्याची आत्या म्हणायची. आणि घरात असताना मुंगी कधी वाढल्यासारखी दिसायचीच नाही. पंधरा दिवस ती जशीच्या तशी असायची, कुठल्याही पोरीसारखी.

३

त्याच सुमारास मुंगी खोलीत शिरली की पडदे ओढायला लागली. आधी खिडकीपाशी जायची, बाहेर न बघता पडदा लावायची, मग खेळायला बसायची.

“दिवसाढवळ्या अंधार कशाला गं?” त्याने विचारलं.

“मधली म्हणते, खाली बघायचं नाही. खाली बघितलं की घर हलतं.”

कवळीकरने कोरणी खाली ठेवली. मुंगीच्या आईला तीन बहिणी. मधल्या मेहुणीशी त्याचं लग्नाच्या दिवसापासून वाकडं होतं. पोरीच्या डोक्यात असलं काहीबाही भरवायचं, हे तिला अगदी शोभणारं होतं.

पण हळूहळू त्या मधलीचं नाव चांगल्या गोष्टींतही यायला लागलं. मुंगी बुटाची नाडी स्वतः बांधायला लागली, तेही दुहेरी गाठ मारून. टॉवेलची घडी घालताना कोपऱ्याला कोपरा जुळवायला लागली. “कुणी शिकवलं?” “मधलीने.” एका सकाळी ती प्लास्टरच्या पोत्यापुढे उकिडवी बसली होती, पोत्यावर बोट फिरवत.

“बाबा, ओलावा म्हणजे काय?”

“का गं?”

“इथे लिहिलंय. ओलावा टाळा.”

त्याने तिला अजून अक्षरओळख करून दिली नव्हती. आईकडेही नसावी, कारण आई भेटली की पहिली तक्रार तीच असायची: पोर शाळेच्या वयाची झाली, तू काही शिकवत नाहीस. म्हणजे मधली मेहुणी रोज तिला घेऊन बसत असणार. त्याला जरा लाजच वाटली. ज्या बाईचं तोंड बघायला नको, ती आपल्या मुलीवर एवढी मेहनत घेतेय.

“मधलीला सांग, बाबा थँक यू म्हणाला.”

मुंगीने मान डोलावली. “सांगते. ती नेहमी विचारते, बाबा काही म्हणाला का.”

४

दाताचा प्रकार झाला त्या सकाळी विमानतळावर बसल्या बसल्या मुंगीने अख्खं सफरचंद खाल्लं होतं. पुढच्या दातांनी करकर चावून. दुसऱ्यांचे दात बघत आयुष्य गेलेला माणूस आपल्या मुलीचे दात बघणारच. चारी बाजूंनी पक्के, मोत्यासारखे दुधाचे दात.

विमान उडालं, त्याची मान कलली. चाकं टेकल्याचा धक्का बसला, तशी त्याने डोळे उघडले. मुंगी त्याच्याकडे बघून हसत होती. खालच्या ओठामागे, अगदी मधोमध, फट होती.

त्याला वाटलं, पडली. कुठेतरी आपटली. त्याने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. रक्त नव्हतं, सूज नव्हती, जखमही नव्हती. हिरडी केव्हाच भरून आली होती, आणि त्या गुलाबी हिरडीतून नव्या दाताची करवतीसारखी कड वर आली होती. इतकं व्हायला किती आठवडे लागतात ते त्याला माहीत होतं. त्याला ते माहीत नसतं तर बरं झालं असतं.

“मुंगे, दात कुठाय?”

“मधलीकडे. तिने डबीत ठेवला.”

“कधी पडला?”

मुंगीने खांदे उडवले. “त्या दिवशी.”

त्याने पट्टा सोडला. लोक उठून वरचे कप्पे उघडत होते, फोन चालू होत होते, कुणीतरी जांभई देत होतं.

बाहेर मुंगीच्या आईने फट बघितली आणि तिचा चेहराच बदलला. “पडला? अगं बाई! आणि मला सांगितलंही नाहीस?” मग जवळून बघून, “हा तर नवा येतोय. कधी पडला होता?”

“तुझ्या मधल्या बहिणीला विचार. तिच्याकडे आहे म्हणे.”

“कोणाकडे?”

“मधलीकडे. जिने हिला वाचायला शिकवलं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “माझी मधली बहीण आपण वेगळे झाल्यापासून परदेशात आहे. तेव्हापासून तिने मुंगीला पाहिलेलंही नाही. मला वाटत होतं तुझी मधली काकू.”

“काकू गेली. मागच्या वर्षी.”

“मला कळवलं नाहीस.”

“आपण बोलत नव्हतो,” तो म्हणाला.

५

विमानतळाच्या कँटीनमध्ये दोघं वर्षभरात पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले. मध्ये मुंगी, तिच्यापुढे दूध आणि बिस्किटं. आई आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाली, “मुंगे, मधली राहते कुठे गं?”

“मध्ये.”

“कशाच्या मध्ये?”

मोठ्या माणसांना एवढंही कळत नाही, अशा चेहऱ्याने मुंगीने एक बिस्किट टेबलाच्या या कडेला ठेवलं, दुसरं त्या कडेला. “हा बाबा. ही आई.” मग दुधाचा पेला उचलून दोन्हींच्या मध्ये ठेवला. “आणि इथे मधली.”

“दिसते कशी?”

मुंगीने विचार केला. “दमलेली,” ती म्हणाली, आणि आईचं बिस्किट खाऊन टाकलं.

कवळीकर उठून काउंटरवर गेला. काय विचारायचं ते त्यालाच ठाऊक नव्हतं. काउंटरवरचा माणूस गोलमटोल आणि बोलका होता. वाटेत कुठे थांबतं का विमान, कधी उशीर झाला होता का, रस्ता बदलतात का, असं कवळीकर विचारत गेला, तसा तो हसायला लागला.

“अहो, अंतर तेवढंच असतं. हवेतलं अंतर काय धुण्यासारखं आटतं की पसरतं? चढायला थोडा वेळ, उतरायला थोडा. मधला वेळ इतका कमी, की आम्ही चहासुद्धा देत नाही. नुसतं पाणी.”

“आणि त्या मधल्या वेळात काय होतं?”

“काय व्हायचंय? लोक झोपतात.”

दोन दिवसांनी मुंगीच्या आईने तिला मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. मनगटाचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं. सगळं उत्तम. जाता जाता डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, “जन्मतारीख बरोबर आहे ना? नाही, हाडांवरून सहाच्या पुढची वाटते.”

तिने ते फोनवर त्याला जसंच्या तसं सांगितलं. दोघांनीही फोन कानाला तसाच धरून ठेवला. एरवी असा फोन कधीच आपटला गेला असता.

६

त्याचं म्हणणं सोपं होतं. विमान बंद. तो गाशा गुंडाळून तिच्या शहरात येईल, जबडे कुठेही बसून बनवता येतात. मुंगी दोघांच्या मध्ये चालत जाईल-येईल.

“आणि गेलं ते?” ती म्हणाली.

“गेलं ते गेलं.”

“तुला म्हणायला काय जातंय!” तिचा आवाज चढला. “माझ्या मुलीचा पहिला दात पडला आणि मी तिथे नव्हते. ती पहिलं अक्षर वाचायला शिकली, मी नव्हते. दोन वर्षं, अरे. दोन वर्षं कुणीतरी तिला न्हाऊमाखू घातलंय, निजवलंय. ताप आला असेल तिला. रडली असेल. कोणाला हाक मारली असेल तिने?”

“त्यात तुझी चूक नाही.”

“चुकीचं बोलतच नाहीये मी. मला त्या बाईचं तोंड बघायचंय.”

तो नको म्हणाला. अनेक तऱ्हांनी नको म्हणाला. पण लग्नाच्या सहा वर्षांत तिने एकदा मनात घेतलेलं त्याला कधी बदलता आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही मनात एक कोपरा होता, जो बघायचंय म्हणत होता. मुंगीचं तर वेगळंच चाललं होतं. शनिवार उजाडला की ती उठून आपली पिशवी भरायची आणि दाराशी जाऊन बसायची. आज जायचं नाही म्हटलं की ओठ काढून म्हणायची, “ती एकटी असते.”

शुक्रवारी तो रस्त्याने डोंगर ओलांडून गेला. शनिवारी सकाळी तिघं मिळून विमानात चढली.

७

मुंगी खिडकीशी, शेजारी तिची आई, आणि मधली वाट सोडून पलीकडच्या खुर्चीवर कवळीकर. आईने गळ्यातल्या शिट्टीची लाल दोरी सोडली. एक टोक मुंगीच्या मनगटाला बांधलं, एक स्वतःच्या. शिट्टी तोंडात धरली. कवळीकरने झोप लागू नये म्हणून दाढेखाली मिरं ठेवलं होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि एवढ्यातही दोघांना हसू आलं.

चाकं वर गेल्याचा ठोका झाला. त्याने मिरं फोडलं. जिभेला चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं. बाहेर ढग, मग ढगांवरचं लख्ख ऊन. एअर होस्टेस पाण्याचे पेले देत मागे गेली. सगळं इतकं रोजचं होतं, की आपण दोघं मूर्ख आहोत असं त्याला वाटलं, आणि त्या विचाराने बरंही वाटलं.

मग पंख्यांचा आवाज खाली गेला. बंद नाही झाला. आपण घरात असावं आणि कुणीतरी रस्त्याकडचं दार लोटून घ्यावं, तसा तो बाहेर राहिला. पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं कललं. त्याच्या शेजारणीचं कललं. एअर होस्टेस आपल्या खुर्चीत, रिकामे पेले मांडीवर घेऊन, तोंड उघडं टाकून झोपली होती.

मुंगीने खिडकीचं झाकण खाली ओढलं. पट्टा सोडला. वाकून सँडल काढले, हातात घेतले, आणि घरात शिरताना चालावं तशी अनवाणी मागच्या पडद्याकडे निघाली. दोरी ताणली गेली. तिची आई उठली. तिचे डोळे टक्क उघडे होते. रागाने तिला जागं ठेवलं होतं.

कवळीकरने पट्ट्याला हात घातला. बोटं बकलावर होती, पण ती मेणाची असल्यासारखी तिथेच बसून राहिली. “थांब,” तो म्हणाला. म्हणाला असं त्याला वाटलं.

पडद्याखालून पिवळा उजेड येत होता. आत कुणीतरी भांडं ओट्यावर ठेवलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. विमानात अशी खुर्ची नसते, त्याच्या मनात आलं, सगळ्या खुर्च्या खिळलेल्या असतात. मुंगीने पडदा बाजूला केला आणि तेवढ्या फटीतून त्याला फरशी दिसली, आणि एक दाराची चौकट. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, पोरांची उंची मोजताना मारतात तशा. पायापासून वर वर गेलेल्या. मुंगीच्या डोक्यापर्यंत, तिच्या डोक्याच्याही वर, मोठ्या बाईच्या खांद्यापर्यंत. चौकटीवर एक हात टेकला होता. हातात पेन्सिल होती.

“आलीस?” आतून आवाज आला. साधा आवाज, दिवसभर काम करून थकलेल्या बाईचा. “ये.”

“कोण गं तू?” मुंगीची आई भांडणाच्या आवाजात म्हणाली, आणि आत शिरली. मग नुसतं, “अगं...” एवढंच. ओळखीचं कुणी अनपेक्षित ठिकाणी भेटल्यावर म्हणतात तसं.

पडदा पडला. शिट्टी वाजली नाही. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तोच थकलेला आवाज, पडद्याच्या अगदी जवळून:

“बाबा जागा आहे?”

“हो,” मुंगी म्हणाली.

पडद्याच्या कडेला बोटं आली. घट्ट धरून राहिली. पडदा हलला, थांबला.

“झोपू दे त्याला,” आवाज म्हणाला. “थकलाय.”

आणि कवळीकर झोपला. कुणी डोक्यावरून हात फिरवल्यासारखा.

८

चाकं टेकली. ऊन थेट डोळ्यांवर आलं. मुंगी खिडकीशी पट्टा लावून बसली होती. सकाळी निघाली होती तशीच, एका केसाचाही फरक नाही. तिच्या मनगटाला दोरी होती. दोरी आता लाल नव्हती. धुऊन धुऊन विटलेल्या चिंधीसारखी झाली होती आणि तिचे धागे निघाले होते.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली बाई त्याच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत असावी. तिच्या भांगात पांढरे केस होते, डोळ्यांखालची कातडी सैल पडली होती. कपडे तेच होते, पण कुणीतरी ते नीट घडी करून ठेवून खूप काळाने घातल्यासारखे. तिने मधल्या वाटेवरून हात लांब करून त्याच्या गालाला लावला.

“किती तरुण दिसतोस रे,” ती म्हणाली.

सामान उतरवणारे लोक त्यांना ओलांडून पुढे गेले. एअर होस्टेस दाराशी उभी राहून प्रत्येकाला नमस्कार करत होती. पाटीवर विमान वेळेआधी पोचल्याचं लिहिलं होतं.

टॅक्सीत त्याने तिला विचारलं. घरी पोचल्यावर विचारलं. ती एवढंच म्हणाली, “आधी मला जरा चहा दे. खरा.” चहा पिताना ती हसली, तेव्हा त्याला तिची मागची दाढ दिसली. लग्नाआधी त्याने स्वतः त्या दाढेवर कॅप बनवून दिली होती, एका बाजूला जरा जास्तच कोरलेली. ती त्याचीच कॅप होती. त्याचं कोरीव काम आता पार झिजलं होतं. चावून चावून तिचा वरचा थर गेला होता, खालचा धातू दिसत होता. त्याचा गुरू म्हणायचा, आपलं काम माणसाला पुरून उरतं. इतकं झिजलेलं काम त्याने फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडात बघितलं होतं.

म्हणजे ती तीच होती. त्याने ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. भांडणांतली जुनी वाक्यं तिला आठवत होती, त्याच्या आत्याची नक्कल ती अजून तशीच करायची. फक्त क्लबवरून फोन आला तेव्हा ती गोंधळली. “पोहायला?” ती म्हणाली. “आता काही जमेल असं वाटत नाही.”

मुंगी तिला बिलगून असायची. तिच्या हातून जेवायची, तिच्या कुशीत झोपायची. पण पहिल्या आठवड्यापासून एक गोष्ट कवळीकरच्या ध्यानात आली. मुंगी तिला आई म्हणत नव्हती.

९

ती परत गेली नाही. कोर्टाचे पंधरवडे आपोआप मिटले. ती तिघं त्याच घरात राहिली. पुढच्या खोलीत जबडे, मागच्या खोलीत पडदे ओढलेले. मुंगीला शाळेत घातलं. ती आता सगळ्या मुलींसारखी, दिवसाला एक दिवस अशीच वाढत होती. सुखच म्हणायचं. लोक तसंच म्हणायचे: पोरीसाठी का होईना, एकत्र आले.

पण कवळीकरची झोप गेली ती गेलीच. दुपारी पाठ टेकली तरी कान मागच्या खोलीकडे लागलेले असायचे. काम करताना मध्येच उठायचा, पाणी पिण्याच्या निमित्ताने आत डोकावायचा, पुन्हा येऊन बसायचा. काय बघायला जातो ते त्याचं त्याला सांगता येत नव्हतं. दोघी असायच्या. भाजी निवडत, नाहीतर वाचत.

एकदा असाच तो दाराशी गेला, तेव्हा मुंगी वेणी घालून घेत विचारत होती, “आई कधी येणार?”

“येईल हं,” ती म्हणाली. केसांतून फणी फिरत राहिली. “येईल.”

मुंगी बाहेर खेळायला जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग आत गेला आणि पलंगाच्या कडेवर बसला.

“असं का सांगतेस तिला? तूच आहेस ना तिची आई?”

“आहे की.” तिने फणीत अडकलेले केस काढले, बोटाला गुंडाळले. “पण तिथे मी तिला नेहमी असंच सांगत आले. लहान पोर. दर वेळी विचारायची.” तिने फणी बाजूला ठेवली. “तू यायचास तेव्हा पडद्यामागून हाका मारायचे तुला. तू कधीच उठला नाहीस.”

“एकदा जागा होतो.”

“हो,” ती म्हणाली. “तेव्हा मला भीती वाटली.”

त्याला कसली भीती ते विचारायचं होतं. त्याऐवजी तोंडातून दुसरंच निघून गेलं.

“मग ती... त्या दिवशी आत गेली ती... येणार आहे का?”

 बाहेर मुंगीच्या उड्यांचा आवाज येत होता.

“निघू नको म्हणत होती,” ती म्हणाली. “खूप रडली. पण मग मला सोडायला दारापर्यंत आली.”